पी-०२९९ आला म्हणून लगेच टर्बो बदलायचा का?

भाऊ, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: बीएस-६ डिझेल पिकअप आहे, चाळीसगावहून कन्नड घाट चढून संभाजीनगरला केळी नेता. घाटात भरली गाडी ओढत नाही आणि पिवळा इंजिनचा दिवा लागतो. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, पी-०२९९ हा बिघाडाचा कोड निघाला, त्याने कोड पुसून दिला. दिवा परत आला, आता तो म्हणतो टर्बो बदला. हे घरी तपासता येईल का, आणि ऑनलाइन मिळणारं स्वस्त ब्लूटूथ यंत्र घ्यावं का?

तपासता येईल, यंत्रही घ्या. टर्बोचे पैसे मात्र एवढ्यात देऊ नका.

मी मेकॅनिक नाही. सावद्याकडे आमच्या घरच्याच गाड्या केळी वाहतात, त्यामुळे बॉनेटखाली डोकं घालणं ओघानेच आलं. एवढ्या वर्षांत कळलं ते हे, की कोड ही फिर्याद असते, पंचनामा आपल्याला करायचा असतो. पी-०२९९ चा अर्थ 'टर्बो (इंजिनमध्ये दाबाने हवा ढकलणारा पंखा) गेला' असा नाही. इंजिनच्या कॉम्प्युटरने, म्हणजे ईसीएमने, जेवढा हवेचा दाब मागितला तेवढा इनटेकवरच्या, म्हणजे इंजिनात हवा शिरते तिथल्या, सेन्सरला काही सेकंद दिसला नाही, एवढीच त्याची तक्रार आहे. दाब तयारच झाला नाही, की तयार होऊन वाटेत गळला, की होता तेवढा होता पण सेन्सरने चुकीचा सांगितला, हे त्याला कळत नाही. ते आपण शोधायचं.

आधी यंत्राबद्दल. ईएलएम ३२७ नावाने जे मिळतं ते बहुतेक नक्कलच असते, तरी इंजिनचे कोड आणि आकडे वाचायला चालून जाते. स्टिअरिंगच्या खाली गुडघ्याच्या वर हात घातला की सोळा खाचांचं सॉकेट लागतं, त्यात बसवायचं. स्विच ऑन करा, गाडी सुरू करू नका, मोबाइलला ब्लूटूथने जोडा (पिन बहुधा १२३४ किंवा ०००० असतो) आणि टॉर्क किंवा कार स्कॅनर यातलं एखादं ॲप उघडा. आयफोन असेल तर साधं ब्लूटूथवालं चालणार नाही, वायफायचं किंवा आयफोनला चालतं असं लिहिलेलं बघून घ्या. हेच यंत्र २४ व्होल्टच्या मोठ्या ट्रकला लावायचं नाही. आणि काम झालं की काढून ठेवा. त्या सॉकेटला बॅटरीचा करंट कायम असतो, गाडी दोन-चार दिवस उभी राहिली तर सकाळी सेल्फ मारताना त्रास होतो.

कोड दिसला की लगेच 'क्लिअर' दाबायची घाई करू नका. तुमच्या गॅरेजवाल्याने नेमकं तेच केलं. कोडसोबत ईसीएम 'फ्रीझ फ्रेम' ठेवतो, म्हणजे तक्रार नोंदवली त्या क्षणी आरपीएम किती, वेग किती, इंजिनवर लोड किती, पाणी किती गरम, हे सगळं. कोड पुसला की तेही जातं. आता दिवा परत लागलाच आहे तर आधी त्या पानाचा स्क्रीनशॉट काढा. 'पेंडिंग' नावाखाली अजून पक्के न झालेले कोड असतात, तेही बघा. पी-०२९९ च्या जोडीला पी-०४०१ असेल तर ईजीआरकडे (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा वॉल्व्ह) लक्ष द्यावं लागतं, पी-०१०१ असेल तर हवा मोजणाऱ्या सेन्सरकडे, पी-२४६३ असेल तर सायलेन्सरमधल्या डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी भरली आहे. आणि एकदम सात-आठ कोड निघाले, त्यातही यू ने सुरू होणारे असले, तर टर्बो-बिर्बो सगळं विसरा, आधी बॅटरीचे टर्मिनल आणि बॉडीची अर्थिंग घासून घट्ट करा. गाडी बंद असताना बॅटरी १२.४ व्होल्टच्या वर आणि सुरू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान दिसली पाहिजे.

फ्रीझ फ्रेममध्ये वेग तीस-पस्तीस, आरपीएम दोन हजारांच्या वर आणि लोड नव्वदच्या पुढे असेल तर कोड खरोखर घाटात, जोर लावताना आला. तिथे दाब गळणं किंवा कमी तयार होणं ही शंका पक्की. पण उभ्या गाडीत, न्यूट्रलला कोड आला असेल तर मला आधी सेन्सर आणि वायरिंगवर संशय येईल.

सेन्सर खरं बोलतो की नाही हे घरी, फुकटात कळतं. इंजिन बंद, स्विच ऑन, आणि ॲपमध्ये 'इनटेक मॅनिफोल्ड प्रेशर' बघा. इंजिन फिरत नाही म्हणजे तिथे बाहेरचीच हवा आहे. आपल्या तापीकाठच्या सपाटीवर हा आकडा ९६ ते ९९ किलोपास्कलच्या आसपास असायला हवा. ॲपमध्ये बॅरोमीटरचा (बाहेरच्या हवेच्या दाबाचा) आकडाही स्वतंत्र दिसत असेल तर दोन्ही जवळपास सारखे हवेत. एक ९८ आणि दुसरा ८५ दाखवत असेल तर सेन्सरच्या तोंडावर काजळी बसली असेल किंवा तोच गेला असेल. सेन्सर-क्लीनरचा स्प्रे मारा, सुईने खरवडू नका. असंच पाण्याच्या आणि इनटेक हवेच्या तापमानाचं. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी दोन्ही आकडे बाहेरच्या हवेएवढे असतात. (मे महिन्यात भर दुपारी उभ्या गाडीत इनटेकची हवा साठ अंश दाखवली तर घाबरू नका, आपल्याकडे बॉनेटखाली तेवढं होतंच.)

आता मुख्य गोष्ट, पाईप. टर्बोतून निघालेली हवा थंड व्हायला इंटरकूलरमध्ये जाते आणि तिथून इंजिनमध्ये. मधले जाड रबरी होज उन्हाने आणि इंजिनच्या तापाने कडक होतात. चीर पडते ती वरून दिसणाऱ्या बाजूला क्वचितच. खालच्या बाजूला, वळणावर किंवा क्लिपच्या कडेला पडते. थंड इंजिनवर हात खालून फिरवा. टर्बोमागे ऑइलची किंचित वाफ असतेच, ती चिरेतून बाहेर येते आणि तिच्यावर धूळ बसते, त्यामुळे बोटांना ओला, काळा, चिकट पट्टा लागतो. तसा पट्टा लागला की होज दोन्ही हातांनी वाकवा. कोरडी दिसणारी रेघ वाकवल्यावर ओठासारखी उघडते. घाटात 'सुस्स' आवाज येतो आणि मागे काळा धूर पडतो, ही त्याचीच खूण. क्लिप ढिली असेल तर होज पाईपवरून थोडा सरकलेला असतो, जुन्या जागेची स्वच्छ गोल खूण शेजारी दिसते.

होज ठीक असतील तर बारीक पाईप बघा. टर्बोच्या ॲक्च्युएटरला (दाब कमी-जास्त करणारा भाग) जाणारा पेन्सिलएवढा पाईप निखळलेला, तडकलेला किंवा कुरतडलेला सापडतो. गोठ्याजवळ किंवा केळीच्या बागेत गाडी लावणाऱ्यांनी हे आधी बघावं, उंदीर आणि खारी वायरिंगलाही सोडत नाहीत. एअर फिल्टरही काढून बघा. कापूस वेचणीच्या दिवसांत जिनिंगच्या आवारात फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरपर्यंत टिकत नाही. एक सांभाळा: फिल्टर किंवा इनटेकचा पाईप काढलेला असताना गाडी सुरू करायची नाही. जवळ पडलेला फडका टर्बोत ओढला गेला तर मग खरोखरच टर्बो बदलावा लागेल.

घरासमोर उभ्या गाडीला रेस देऊन टर्बो तपासणारे पुष्कळ असतात. त्यातून फारसं काही कळत नाही. लोड नसेल तर टर्बो नीट दाब धरतच नाही. गाडीत थोडा माल टाका, मोकळ्या हायवेवर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर द्या, आणि मोबाइल शेजारी बसलेल्याच्या हातात असू द्या. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही. इंजिन बंद असताना ९८ दाखवणारा आकडा दीडपट ते दुप्पट झाला पाहिजे. १२० च्या आसपास अडकून राहिला तर गळती किंवा ॲक्च्युएटर. आकडा नीट चढला आणि तरी गाडी ओढत नसेल, तर डिझेलच्या बाजूकडे वळा, 'फ्युएल रेल प्रेशर', म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या पाईपमधला दाब, बघा. कोड त्या वेळी बहुधा पी-००८७ असतो, आणि कारण पुष्कळदा चोंदलेला डिझेल फिल्टर किंवा त्यात साठलेलं पाणी. शेतावर कॅनमधून डिझेल भरणाऱ्यांना हे जास्त होतं. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी काढा, हातपंपाने डिझेल भरून घ्या.

इथे एक धोक्याची गोष्ट. जुन्या गाड्यांत डिझेलच्या पाईपात हवा धरली की मिस्त्री इंजेक्टरचा नट ढिला करून सेल्फ मारायचे. कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच रेलमधून दाबाने डिझेल देणाऱ्या, गाडीत हे कधीही करू नका. जोरावर त्या पाईपमध्ये हजार-दीड हजार बारपेक्षा जास्त दाब असतो. तेवढ्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी जखम दिसते, आत डिझेल पसरतं, आणि बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. रेलची गळती हाताने चाचपून शोधायची नाही. चुकून धार लागलीच तर दुखत नसलं तरी थेट मोठ्या हॉस्पिटलात जा.

डीपीएफचा दिवा वेगळा असतो, तो लागला तर गावात पाच-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारत बसू नका. हायवेला लागून मधल्या गिअरमध्ये वीसेक मिनिटं सलग चालवा, म्हणजे काजळी जळून जाईल. त्या वेळी डीपीएफच्या आत सहाशे अंशांच्या आसपास तापमान जातं. म्हणून दिवा विझायच्या आत कडब्यावर किंवा वाळक्या पऱ्हाट्यांवर गाडी उभी करू नका. आणि 'ईजीआर बंद करून टाकू, डीपीएफ फोडून टाकू' म्हणणारा भेटला तर चहा पिऊन उठा. बीएस-६ मध्ये ते बेकायदा तर आहेच, वर नवे कोड मागे लागतात.

लाल दिवे म्हणजे ऑइल प्रेशर आणि पाण्याचं तापमान. त्यांना कोड-बिड काढत बसायचं नाही, जागच्या जागी गाडी बंद.

एवढं सगळं बघून काहीच सापडलं नाही, तरच टर्बोकडे जा. इंजिन थंड असताना फिल्टरकडचा होज काढा आणि पंख्याचा मधला नट दोन बोटांत धरा. डावी-उजवीकडे किंचित हलणं नैसर्गिक आहे. पुढे-मागे ओढून हालचाल जाणवली, पाती बाहेरच्या कवचावर घासल्याच्या खुणा दिसल्या किंवा होजमध्ये ऑइलचं डबकं साचलेलं असलं, तर गॅरेजवाला खरं बोलतोय. नुसता ऑइलचा पातळ थर असला तर काही नाही. हे त्याला तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. ॲक्च्युएटर हलतो की नाही हे मात्र आपल्या स्वस्त यंत्राने कळत नाही, त्याला कंपनीचा स्कॅनर लागतो. ती तपासणी झाल्याशिवाय टर्बोची ऑर्डर देऊ देऊ नका, कारण काही वेळा नुसता ॲक्च्युएटर अडकलेला असतो आणि तो सुटा मिळतो.

होजच निघाला तर जुना सोबत घेऊन दुकानात जा. साधा रेडिएटरचा होज मापाने बसतो, पण तेलाने फुगतो आणि पहिल्याच घाटात सुटतो. टर्बोचाच कापडी थरांचा होज मागा, क्लिपाही नव्या घ्या, आणि पाईपची टोकं तेलकट असतील तर पुसून कोरडी करूनच चढवा. मग कोड पुसा, माल भरा आणि कन्नड घाट एकदा चढून या. पेंडिंगमध्ये पी-०२९९ परत दिसला नाही तर काम झालं.