छावणीची जमीन ईस्ट इंडिया कंपनीकडून इंग्लंडच्या राणीकडे गेली, तेव्हा खरेदीखत कुठे झालं होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्रजी अमलात लष्कराच्या जमिनी, इमारती आणि त्यांवरचे अधिकार एका खात्याकडून दुसऱ्याकडे गेले, तेव्हा दस्त व्हायचा का? आणि ज्या खात्याचं नाव कागदावर आहे ते खातंच बंद झालं असेल, तर मालकी लटकलेली नाही का?

नाही. लटकलेली नाही. तुमचं हे शेवटचं वाक्य मी १९९४ साली आमच्या साहेबांच्या तोंडून शब्दशः ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो. नाहीतर निवृत्त माणसानं कशाला या भानगडीत पडावं.

मी महसूल खात्यात होतो, जमीन शाखेत अव्वल कारकून. जिल्ह्यात छावणी होती. कुठली ते सांगत नाही, महाराष्ट्रात सातच आहेत. छावणीच्या हद्दीबाहेर, जुन्या चांदमारीला (लष्कराच्या गोळीबार सरावाच्या मैदानाला) लागून ४ एकर ११ गुंठ्यांचा एक तुकडा होता. सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून 'सरकार' आणि इतर हक्कात 'मिलिटरी डिपार्टमेंट'. जमीन कसत होतं गावातलं एक कुटुंब, तीन पिढ्यांपासून, एकसाली लावणीवर, म्हणजे एकेका वर्षाच्या भाड्यानं. दर वर्षी आमच्याच कचेरीत पैसे भरायचे आणि पावती घ्यायची. एक दिवस लष्करी जमिनी सांभाळणाऱ्या केंद्राच्या कार्यालयाचं पत्र आलं: जमीन आमची, मोजणी करून ताबा द्या.

संयुक्त मोजणीच्या आधी बैठक झाली. साहेब म्हणाले, "मिलिटरी डिपार्टमेंट नावाचं खातं आज देशात कुठे आहे ते दाखवा. खातं नाही, त्यानं कोणाला लिहून दिल्याचा दस्त नाही, मग जमीन राज्य सरकारची." समोरचे अधिकारी तरुण होते, ते गडबडले. आणि मी, ज्याला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं, म्हणालो, "साहेब, ते खातं १९०६ लाच मोडलं."

खोलीत शांतता. मग साहेब म्हणाले, "तुम्ही कारकून आहात का प्राध्यापक?"

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो, कारण मी त्या रात्री बसून जे चार पानी टिपण केलं त्यात हेच होतं. कंपनी सरकारकडे लष्करी खातं १७७६ पासून होतं, कलकत्त्याला. जमिनी कंपनीच्या नावावर, पण १८३३ च्या सनदी कायद्यानंच कंपनीला राजाची विश्वस्त करून ठेवलं होतं. मग २ ऑगस्ट १८५८ चा कायदा आला. त्याच्या ३९ व्या कलमानं कंपनीची सगळी स्थावर-जंगम मालमत्ता, जमिनी, पैसा, कोठारातला माल, एका फटक्यात राणीकडे निहित झाली, म्हणजे कायद्यानंच तिच्या मालकीची झाली, आणि ती फक्त हिंदुस्थान सरकारच्या कामी वापरायची असं बंधन घातलं. कंपनीच्या भागभांडवलाला तेवढं वगळलं. ५६ व्या कलमानं कंपनीचं सैन्य राणीचं झालं. ६५ व्या कलमानं दावा लावायचा तर कोणावर लावायचा हे ठरलं: सेक्रेटरी ऑफ स्टेट इन कौन्सिल, म्हणजे लंडनमधला हिंदुस्थानमंत्री आणि त्याचं मंडळ. पुणे कॅम्पापासून कामठीपर्यंत एकाही बराकीचं खरेदीखत झालं नाही, कारण गरजच नव्हती. 'निहित' हा शब्द कायद्यात आला की दस्ताचं काम कायदाच करतो. आमच्या साहेबांना हा शब्द फक्त भूसंपादनाच्या फायलीत दिसायचा, त्यामुळे त्याची ताकद कळली नव्हती.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती हमखास चुकवतात. इंग्लंडात ऑर्डनन्स बोर्ड नावाचं वेगळं मंडळ किल्ले, दारूखाने आणि लष्करी जमिनी धरून होतं. ते १८५५ साली मोडलं आणि त्याची मालमत्ता व अधिकार युद्धमंत्र्याकडे देणारा स्वतंत्र कायदा झाला. काही वसाहतींत त्या धर्तीवर स्थानिक कायदेही झाले. तो कायदा हिंदुस्थानच्या छावण्यांना लावू नका. इथे जमिनी बोर्डाच्या नव्हत्याच, कंपनीच्या होत्या.

१८५८ नंतर खाती बदलली, पण मालक तोच राहिला. एप्रिल १८९५ मध्ये बंगाल, मुंबई आणि मद्रास इलाख्यांच्या सेना एक झाल्या. मग व्हाइसरॉय कर्झन आणि किचनेर यांचं सुप्रसिद्ध भांडण. सरसेनापती किचनेरला व्हाइसरॉयच्या कौन्सिलात आपल्या डोक्यावर दुसरा लष्करी सभासद नको होता. १९०५ त कर्झन राजीनामा देऊन गेला आणि पुढच्या वर्षी लष्करी खात्याचे दोन तुकडे झाले, आर्मी डिपार्टमेंट आणि मिलिटरी सप्लाय डिपार्टमेंट. दुसरं १९०९ लाच बंद. जानेवारी १९३८ मध्ये आर्मी डिपार्टमेंटचं डिफेन्स डिपार्टमेंट झालं, ऑगस्ट १९४७ मध्ये संरक्षण मंत्रालय. यातल्या प्रत्येक पायरीवर बदललं ते एवढंच की फायलीवर सही कोणी करायची. एका घरात तिजोरीच्या किल्ल्या सासूकडून सुनेकडे गेल्या म्हणून घराचं खरेदीखत होतं का?

खरा धोका १९३५ च्या कायद्यात होता, आणि साहेबांचा मुद्दा टिकला असता तर तिथेच. तोपर्यंत सगळं एका राजाचं. त्या कायद्याच्या १७२ व्या कलमानं पहिल्यांदा वाटणी केली: केंद्राच्या कामाच्या जमिनी केंद्राच्या कारभारासाठी, प्रांताच्या कामाच्या प्रांतासाठी. पुढे घटनेच्या २९४ व्या कलमानं तीच वाटणी २६ जानेवारी १९५० ला संघ आणि राज्य यांच्या नावावर आणली. म्हणजे सातबाऱ्यावर नुसतं 'सरकार' असेल, तर कुठलं सरकार हे ठरवायला वाटणीच्या वेळी ती जमीन कोणाच्या कामाची होती ते पाहावं लागतं. आणि 'मिलिटरी डिपार्टमेंट' ही नोंद त्याचाच पुरावा होती! ज्या नोंदीवर साहेब हसत होते तीच त्यांच्या विरुद्ध जात होती.

टिपण दिलं. त्यावर शेरा आला: 'पाहिले.' दोन महिन्यांनी माझी निवडणूक शाखेत बदली. योगायोग म्हणा.

पण एवढ्यावर थांबलो तर मी स्वतःची पाठ थोपटली असं होईल. त्या कुटुंबातले आजोबा मला दोनदा भेटले होते. धोतराच्या फडक्यात पावत्यांचा गठ्ठा, सगळ्यात जुनी १९३१ ची. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की इतकी वर्षं कसली म्हणजे जमीन तुमचीच झाली. मी त्यांना खरं सांगितलं. सरकारविरुद्ध प्रतिकूल कब्जा (दीर्घ ताब्यावरून मालकीचा दावा) सांगायला १९०८ च्या मुदत कायद्यात ६० वर्षं लागायची, १९६३ पासून ३० वर्षं. पण वर्षं कितीही असोत, कब्जा मालकाच्या परवानगीशिवाय हवा. त्या गठ्ठ्यातली प्रत्येक पावती सांगत होती की कब्जा परवानगीचा आहे. ज्या कागदांना त्यांनी साठ वर्षं जपलं तेच त्यांच्या आड आले. आजोबा म्हणाले, "मग पैसे कशाला घेतले, बाबा?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पुढे भूसंपादनाचा निवाडा (सरकारनं जमीन घेतल्याचा निर्णय) सापडला, १८९४ च्या कायद्याखालचा, चांदमारीसाठीच घेतलेली जमीन. ताबा केंद्राकडे गेला. माझ्या निरोपसमारंभात साहेब (तेही तोवर निवृत्त झाले होते, पाहुणे म्हणून आले होते) हार घालताना माझ्या कानात म्हणाले, "तुमच्या टिपणानं त्या म्हाताऱ्याचं शेत गेलं." गेली कित्येक वर्षं मी याचं उत्तर मनात घोळवतोय, ते इथेच देतो. साहेब, शेत टिपणानं गेलं नाही. लष्कराला नको होती तेव्हा ती जमीन देखभालीसाठी कलेक्टरकडे सोपवलेली होती. सोपवलेल्या जमिनीचा मालक कोण हे आपल्या कचेरीनं पावतीवर एकदाही लिहिलं नाही. 'ही जमीन लष्करी खात्याची, मागतील तेव्हा सोडावी लागेल' एवढी एक ओळ १९३१ च्या पावतीवर असती, तर त्यांनी तिथे विहीर खणली नसती.

हो, विहीर होती. तिचे पैसेही मिळाले नाहीत.

तुम्ही प्रश्नाच्या शेवटी छावणीतल्या बंगल्याचा उल्लेख केलाय, तर त्याबद्दल. 'ओल्ड ग्रँट' म्हणजे जमीन सरकारची, वरचं बांधकाम तुमचं. बंगाल इलाख्यातला १८३६ चा गव्हर्नर जनरलचा १७९ क्रमांकाचा हुकूम सगळीकडे दाखवतात. त्यात एक महिन्याची नोटीस आणि मंजूर बांधकामाची किंमत देऊन जमीन परत घेण्याची अट आहे. पण तो हुकूम बंगालच्या फौजेसाठी होता. मुंबई इलाख्याच्या स्वतःच्या लष्करी नियमावल्या होत्या. पुण्याच्या किंवा नगरच्या बंगल्याला कोणी थेट १७९ नंबर लावत असेल तर वकिलाला हा मुद्दा घ्यायला सांगा. यानं जमीन तुमची होईलच असं नाही, पण समोरच्याला आपले कागद काढावे लागतात.

जनरल लँड रजिस्टरचा, म्हणजे छावणीच्या जमिनींच्या नोंदवहीचा, उतारा आधी काढा. ते १९२५ च्या आणि मग १९३७ च्या छावणी जमीन नियमांखाली आलं. 'बी-३' लिहिलं असेल तर खाजगी ताबा, पण जमिनीची मालकी केंद्रानं राखलेली. 'सी' असेल तर छावणी मंडळाकडे निहित. 'ए' असेल तर लष्कराच्या वापराची किंवा त्यासाठी राखलेली, तिथे भांडण्यात फार अर्थ नाही.

आता छावण्यांचा नागरी भाग महापालिका-नगरपालिकांकडे द्यायचं चाललंय. हिमाचलातलं योल २०२३ मध्ये छावणी म्हणून संपलंही. त्यामुळे तुमचा प्रश्न पुन्हा येणार आहे, फक्त खात्यांची नावं वेगळी असतील. नळ, दिवाबत्ती, कर, बांधकाम परवानगी हे अधिकार पालिकेकडे जातील. जमिनीची मालकी जिथे केंद्राची आहे तिथे ती केंद्राकडेच राहील असं धोरण जाहीर झालंय. म्हणजे उद्या पालिकेनं घरपट्टीची पावती दिली, तर ती पावतीच समजा.

शेवटी एक सांगायला हवं. मी वकील नाही, आणि रजिस्टरातली नोंद म्हणजे अखेरचा शब्दही नाही. खरा वाद असेल तर दिवाणी कोर्टात मालकी ठरते आणि तिथे जुना निवाडा, मंजुरीपत्र, नकाशा हे नोंदीपेक्षा वरचढ ठरू शकतात. तेव्हा निवाड्याची नक्कल मागा. माहिती अधिकारात दोन्ही कार्यालयांत अर्ज टाका, एकात नको. आमच्या प्रकरणात तो निवाडा केंद्राच्या कार्यालयात नव्हता. आमच्याच अभिलेख कक्षात होता, साहेबांच्या केबिनपासून वीस पावलांवर.