पहिलं बजेट मांडताय, तर वर्षापासून सुरुवात करा

वाणसामान, दूध, वीजबिल, गॅस हे सगळे लिहितात, आणि तिथे फारसं चुकतही नाही. बजेट मोडतं ते वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांनी. जूनमध्ये शाळेची फी, वह्या-पुस्तकं, रेनकोट; मग गणपती, दिवाळी; मध्येच गाडीचा विमा, घरपट्टी, लग्नसराईतले आहेर. म्हणून आधी कॅलेंडर घेऊन बसा आणि बारा महिन्यांचे असे खर्च लिहून काढा. बेरीज समजा ६०,००० आली, तर दरमहा ५,००० पगाराच्या दिवशीच वेगळ्या बचत खात्यात वळवा. त्या खात्याचं एटीएम कार्ड पाकिटात ठेवू नका आणि ते खातं यूपीआयला जोडूही नका. माझ्या मते ही एक गोष्ट बाकी सगळ्या हिशोबापेक्षा मोलाची आहे.

पीपीएफ (सरकारची दीर्घ मुदतीची बचत योजना) खातं असेल तर पैसे पाच तारखेच्या आत भरा; पाच तारीख ते महिनाअखेर यांतल्या सर्वांत कमी शिलकीवर त्या महिन्याचं व्याज धरतात.

रोजचा खर्च वहीत लिहा किंवा मोबाईलमध्ये, पण घरातल्या दोघांनीही लिहा. एकट्यानेच हिशोब ठेवला की दुसऱ्याला तो जाच वाटतो. पहिले तीन महिने आकडे जुळणार नाहीत. तेव्हा काटकसर वाढवू नका, अंदाज बदला.