रांगेचा हिशेब : थीम पार्कच्या सहलीबद्दल वाचकांचे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतल्या वाचकांकडून या वेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीबद्दल आहेत. दिवसभराचं तिकीट काढून पार्कमध्ये जायचं आणि निम्मा दिवस रांगेत घालवायचा, हे टळेल कसं? त्यातले काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : घरची चार मोठी माणसं आणि ११ व १४ वर्षांची दोन मुलं, असे आम्ही खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला जाणार आहोत. मुलांची शाळा एक-दोन दिवस बुडली तरी चालेल. कोणता महिना, कोणता वार निवडावा?
— वाचक, वाघबीळ, ठाणे

आधी वार ठरवा, मग महिना. शनिवार-रविवार वर्षभर गर्दीचेच. सोमवार किंवा शुक्रवार एखाद्या सुट्टीला चिकटून आला, की तोही हातचा गेला. उरतात मंगळवार, बुधवार आणि गुरुवार. पण आपल्याकडे नेमक्या याच दिवशी शाळांच्या सहली निघतात. नोव्हेंबर ते जानेवारीत मधला वार आहे म्हणून निर्धास्त जाणाऱ्यांना दारातच बसची रांग दिसते. त्या मोसमात जायचंच असेल तर आधी पार्कला फोन करा आणि ‘अमुक तारखेला शाळांचं बुकिंग आहे का?’ असं सरळ विचारा. सहली सहसा संध्याकाळी लवकर परततात, कारण मुलांना वेळेत घरी पोचवायचं असतं. त्यामुळे अशा दिवशी शेवटचे दोन तास सर्वांत मोकळे मिळतात.

निवांत काळ साधारण तीन. पहिला, फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा. बारावी-दहावीच्या परीक्षा चालू असतात, बाकीच्या इयत्तांचीही तयारी सुरू असते. दुसरा, जूनच्या मध्याला शाळा उघडल्यानंतरचे तीन-चार आठवडे. तिसरा, गणपती आणि नवरात्र यांच्यामधला पितृपक्षाचा पंधरवडा. यातला दुसरा काळ पावसाचा. विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड थांबवाव्याच लागतात आणि पुन्हा कधी सुरू होतील याची हमी कोणी देत नाही. मोठ्या रोलर कोस्टरसाठीच जाणार असाल तर फेब्रुवारी-मार्च बरा.

पंचांगही पाहा, हे मुद्दाम सांगतो. पार्क खोपोली-पाली रस्त्यावर आहे. महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर ही अष्टविनायकांतली दोन देवस्थानं याच भागात आहेत. संकष्टीला, त्यातही अंगारकीला आणि माघी गणेश जयंतीला हा रस्ता भाविकांच्या गाड्यांनी भरतो. पार्क रिकामं असूनही तुम्ही बाहेर अडकाल.

आणखी एक खूण तिकिटाच्या पानावरच मिळते. एखाद्या तारखेचा दर आजूबाजूच्या दिवसांपेक्षा चढा असेल किंवा बंद होण्याची वेळ वाढवलेली असेल, तर पार्कला त्या दिवशी गर्दी अपेक्षित आहे असं समजा. अगदीच सुन्या दिवसाची दुसरी बाजू अशी, की देखभालीची कामं अशाच दिवसांत काढली जातात. मुलांचं मन ज्या राइडवर बसलंय ती चालू आहे ना, हे आदल्या दिवशी विचारून घ्या.

प्रश्न : एका मोठ्या पार्कमध्ये आम्ही दार उघडताच शिरलो. सगळ्यांत प्रसिद्ध कोस्टरकडे धावलो तर तिथेच तास गेला. दुपारी चारपर्यंत फक्त चार राइड झाल्या. लवकर जाऊनही असं का झालं?
— वाचक, खारघर

दार उघडल्यावर आत शिरलेली बहुतेक माणसं त्याच कोस्टरकडे धावली, म्हणून. पण खरं कारण याहून खोल आहे आणि ते एकदा समजलं की कुठल्याही पार्कमध्ये उपयोगी पडतं.

रांग किती लांब दिसते यावर थांबण्याचा वेळ ठरत नाही. तुमच्या पुढची माणसं भागिले ती राइड तासाला किती माणसं नेते, हा तो हिशेब. रांगांच्या शास्त्रातला हा मूळ नियम जॉन लिटल यांनी १९६१ साली गणिताने सिद्ध करून दाखवला. तो रांगेत उभ्या उभ्या वापरता येतो. एका फेरीत किती जागा आहेत ते मोजा. मग एक फेरी सुटल्यापासून पुढची सुटेपर्यंत किती मिनिटं गेली ते घड्याळात पाहा. समजा २४ जागा आहेत आणि दर ४ मिनिटांनी फेरी सुटते. तासाला १५ फेऱ्या, म्हणजे ३६० माणसं. तुमच्या पुढे १२० जण असतील तर २० मिनिटं. आता त्याच कोस्टरच्या दोन गाड्यांपैकी एक काढून घेतली आणि अंतर ७ मिनिटांवर गेलं, तर तासाला जेमतेम २०५ माणसं जातात. रांग तेवढीच दिसते, पण थांबायचं ३५ मिनिटं. म्हणून रांगेत शिरण्याआधी दोन फेऱ्या सुटताना पाहा. पाच-सात मिनिटांत कळतं की इथे उभं राहायचं की पुढे जायचं.

यातून सकाळचा क्रम ठरतो. तासाला कमी माणसं नेणाऱ्या, पण सगळ्यांना हव्या असलेल्या राइड सगळ्यांत आधी. उंचावरून सोडणारा टॉवर, मोठा झोपाळ्यासारखा फिरणारा पाळणा, एकच गाडी चालणारं छोटं कोस्टर या प्रकारच्या राइडची रांग अकरा-साडेअकराला तयार होते आणि संध्याकाळपर्यंत हटत नाही. दोन-तीन गाड्या चालणारं मोठं कोस्टर त्या मानाने भराभर माणसं उचलतं. त्याची रांग भीतिदायक दिसते, पण सरकत राहते. इमॅजिकात म्हणायचं तर नायट्रो या मोठ्या कोस्टरकडे सगळ्यांची धाव असते, त्या वेळी डेअर टू ड्रॉप हा टॉवर आणि स्क्रीम मशीन हा मोठा पाळणा यांच्याकडे चला. नायट्रो संध्याकाळच्या मिरवणुकीच्या वेळी घ्या. निम्मं पार्क तेव्हा रस्त्याच्या कडेला उभं असतं.

दुपारी बारा ते चार ही वेळ रांगांची सर्वांत वाईट. ती आय फॉर इंडियासारख्या बंदिस्त खेळांना द्या, जिथे सगळं प्रेक्षागृह एकदम भरतं आणि एकदम रिकामं होतं. अशा खेळात तुम्ही खेळाची वेळ होईपर्यंत थांबता. पुढे शंभर माणसं आहेत की दोनशे, याने फारसा फरक पडत नाही. शिवाय उन्हातून सुटका. राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचरसारख्या भिजवणाऱ्या राइडला भर दुपारी सगळेच जातात, ती सकाळीच उरकलेली बरी. जेवण एकतर पावणेबाराला, नाहीतर अडीचनंतर. एक ते दोनमध्ये जेवणाच्या रांगेत अर्धा तास सहज जातो, आणि हा अर्धा तास कोणी हिशेबात धरत नाही.

दार उघडण्याच्या वेळी पोचणं म्हणजेही उशीरच. सामान तपासणी आणि तिकीट तपासणी धरून निदान अर्धा तास आधी दाराशी हवं, तिकीट ऑनलाइन काढलेलं आणि मोबाइलवर उघडून ठेवलेलं. बॅग नसेल तर आणखी चांगलं.

प्रश्न : सकाळी वेळेत पोचायचं तर ठाण्याहून किती वाजता निघावं? कोणत्या रस्त्याने?
— वाचक, कोपरी, ठाणे पूर्व

मधल्या वारी पार्क उघडण्याच्या अडीच तास आधी निघा, शनिवार-रविवारी तीन तास आधी. ठाणे-बेलापूर रस्त्याने तुर्भ्यापर्यंत, पुढे सायन-पनवेल महामार्गाने कळंबोली आणि तिथून द्रुतगती मार्ग. मुंब्रा बायपास आणि शिळफाट्याचा रस्ता नकाशावर जवळचा दिसला तरी तो अवजड वाहनांचा आहे. एक कंटेनर बंद पडला की तास मोडतो. शनिवारी सकाळी, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाड्या खालापूर टोलनाक्यापर्यंत तुमच्याच सोबत असतात. साडेसातच्या आत कळंबोली ओलांडलीत तर त्रास कमी. परतताना रविवार संध्याकाळ टाळा, तेव्हा पुण्याकडून येणारा सगळा ओघ मुंबईकडे वळलेला असतो.

लोकलने जायचं तर ठाण्याहून थेट खोपोली गाड्या मोजक्याच आहेत. कर्जतला बदलून जाता येतं, पण कर्जत-खोपोली फाट्यावर गाड्यांमधलं अंतर बरंच असतं. परतीच्या गाडीची वेळ आधी पाहा आणि मगच बेत ठरवा.

प्रश्न : रांग टाळण्यासाठी जादा पैशांचा एक्स्प्रेस पास मिळतो. घ्यावा का?
— वाचक, कामोठे

प्रत्येक दिवशी नाही. मोकळ्या दिवशी एका राइडला १५ मिनिटं लागत असतील आणि पासने ५ लागली, तर सहा राइडमागे वाचतो एक तास. सुट्टीतल्या रविवारी ४५ मिनिटांची १० झाली, तर त्याच सहा राइडमागे साडेतीन तास वाचतात. पासची किंमत या तासांनी भागा आणि घरातल्या माणसांच्या संख्येने गुणा. आकडा समोर आला की निर्णय सोपा होतो.

घेण्याआधी तीन गोष्टी विचारा : कोणकोणत्या राइड त्यात येतात, प्रत्येक राइड एकदाच की कितीही वेळा, आणि राइड बंद पडली तर त्याबदल्यात काय. मुलांपैकी एखादं उंचीच्या अटीत बसत नसेल तर त्याच्यासाठी पास घेऊ नका. उंची घरीच मोजा, अनवाणी, भिंतीला टेकवून. राइडच्या तोंडाशी पोचल्यावर परत फिरावं लागलं तर लेकराचा सगळा दिवस कोमेजतो.

हेही लक्षात असू द्या की पास असलेल्यांना आत घेताना साधी रांग थांबवली जाते. म्हणजे पासधारक पुष्कळ असलेल्या दिवशी साधी रांग वरच्या हिशेबापेक्षा सावकाश सरकते. फेऱ्या मोजताना दर फेरीत साध्या रांगेतले किती जण बसले, तेच मोजा.

प्रश्न : आमच्या सोसायटीची ३२ जणांची सहल आहे. सगळे एकत्र फिरलो तर वेळ जातो, वेगळे झालो तर चुकामूक होते. काय करावं?
— वाचक, ऐरोली

चार-चारांचे आठ गट करा. बहुतेक गाड्यांमध्ये एका ओळीत दोन किंवा चार जागा असतात, त्यामुळे चौघांचा गट अडकत नाही आणि एक जागा रिकामी सोडून फेरीही जात नाही. प्रत्येक गटात एक जण जबाबदार, त्याच्या मोबाइलवर त्याच्या गटाची चारही तिकिटं आदल्या रात्रीच पाठवलेली. सगळी तिकिटं एकाच काकांच्या फोनमध्ये असली की दाराशी ३२ जण त्यांची वाट पाहतात.

भेटण्याच्या वेळा दोनच ठेवा : जेवणाला पावणेबारा आणि निघण्याच्या अर्धा तास आधी. जागा एखाद्या राइडचं दार नको, तिथे आधीच गर्दी असते. कारंजं किंवा जेवणघराचा ठरावीक कोपरा चालेल. गटाचा सवलतीचा दर बहुतेक ठिकाणी आगाऊ नोंदणी केली तरच मिळतो, दारावर मागून नाही.

प्रश्न : मे महिन्यात वॉटर पार्कला जायचं आहे. तिथेही हेच नियम लागू होतात का?
— वाचक, कळवा

काही होतात, पण तिथल्या पहिल्या दोन रांगा निराळ्या असतात : लॉकरची आणि पोहण्याच्या कपड्यांची. सुती कपडे चालत नाहीत, कारण सुताचे धागे गाळणयंत्रात अडकतात. नायलॉनचे किंवा पोहण्याचेच कपडे लागतात. ते घरून आणा आणि निघताना आतून घालूनच निघा. भाड्याच्या कपड्यांची खिडकी आणि कपडे बदलण्याची खोली दोन्ही चुकतात.

घसरगुंड्यांमध्ये एकट्याने जायच्या बंद नळ्या सर्वांत सावकाश. पुढचा खाली पोचल्याशिवाय मागच्याला सोडत नाहीत. तीस सेकंदांनी एक धरला तरी तासाला १२० च. त्या सकाळीच करा. चार-सहा मार्गिकांची चटईवरची घसरगुंडी दुपारीही परवडते. लाटांच्या तलावाच्या वेळा ठरलेल्या असतात. भोंगा वाजला की सगळे तिकडे धावतात आणि घसरगुंड्यांचे जिने मोकळे होतात. तुम्ही त्या वेळी जिना धरा, लाटा पुढच्या पाळीला. आणि बंद होण्याच्या पाऊण तास आधी पाण्याबाहेर या. शेवटच्या घंटेनंतर अंघोळीची रांग ही दिवसभरातली सगळ्यांत लांब रांग असते.

प्रश्न : माझी नात तीन वर्षांची आहे. सुनेचं म्हणणं, तिलाही खोपोलीला न्यावं. मला ते पटत नाही.
— आजी, नेरूळ

आजी, तुमचं बरोबर आहे. या वयात उंचीमुळे निम्म्याहून अधिक राइड बंदच असतात आणि दुपारची झोप मोडली की मूल रडकुंडीला येतं. नेरूळमध्येच महापालिकेचं वंडर्स पार्क आहे. तिथली छोटी रेल्वे आणि पाळणे तिला पुरेसे होतील. रविवारची संध्याकाळ सोडून मधल्या वारी, उघडल्याबरोबर न्या. खोपोली ती पाच-सहा वर्षांची झाल्यावर.

प्रश्न : मेच्या शेवटी आम्ही सिंगापूरला जातोय. तिथल्या युनिव्हर्सल स्टुडिओजसाठी एकच दिवस हातात आहे.
— वाचक, वाशी

जमल्यास सहल मेच्या पहिल्या तीन आठवड्यांत आणा. आपल्याकडे तेव्हा सुट्टी लागलेली असते, पण तिथल्या शाळांची सुट्टी मेच्या अखेरीस सुरू होऊन जूनभर चालते. तारीख हलत नसेल तर मंगळवार ते गुरुवारमधला दिवस घ्या.

तिथे काही राइडना एकट्याने बसणाऱ्यांची वेगळी रांग असते. ओळीतली एखादी उरलेली जागा त्या रांगेतल्या माणसाला देतात. मोठ्या मुलांना वेगवेगळ्या डब्यांत बसायला हरकत नसेल तर पास न घेताही बराच वेळ वाचतो. दुपारी वीज-पाऊस तिथे नेहमीचाच आणि विजा दिसताच उघड्यावरची कोस्टर थांबतात. म्हणून बॅटलस्टार गॅलॅक्टिकासारखी बाहेरची कोस्टर सकाळी, तर ट्रान्सफॉर्मर्स आणि ममी या छताखालच्या राइड दुपारसाठी राखून ठेवा. पाऊस थांबल्यावर बाहेरच्या राइड पुन्हा सुरू होतात तेव्हा पहिली वीस मिनिटं रांग जवळपास नसते. त्या वेळी जवळच्या छपराखाली थांबा, हॉटेलकडे परतू नका.