विंडोज ९८ च्या पीसीसाठी चौकोनी मॉनिटर: ४:३ आणि ५:४ मध्ये फरक आहे

तुमचा प्रश्न वाचला. घरातला विंडोज ९८ चा पीसी पुन्हा चालू झालाय, डॉसचे (विंडोजच्या आधीच्या प्रणालीचे) आणि त्या काळातले गेम खेळायचेत, ओळखीच्या दुकानात १९ इंची 'स्क्वेअर' एलसीडी स्वस्तात मिळतोय, आणि दुकानदार म्हणतो की सगळे स्क्वेअर सारखेच. त्या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसले. हेच वाक्य मीही ऐकलंय, आणि त्यापायी मला बराच मनस्ताप झालाय.

सारखे नसतात. १७ आणि १९ इंची जुने चौकोनी एलसीडी जवळजवळ सगळे १२८०×१०२४ चे, म्हणजे रुंदी आणि उंचीचं प्रमाण ५:४. खरे ४:३ हवे असतील तर १५ इंची १०२४×७६८ किंवा २० इंची १६००×१२००. बहुतेक गेम मात्र ६४०×४८०, ८००×६००, १०२४×७६८ अशा ४:३ मापांतच बनलेले. डॉसचं ३२०×२०० सुद्धा ४:३ च्या काचेवर पसरायचं, त्यात एकेक पिक्सेल थोडा उभट दिसायचा.

आता माझा अनुभव. एका ऑनलाइन रिफर्बिश्ड विक्रेत्याकडून २० इंची, १६००×१२०० चा मॉनिटर मागवला होता. नाव घेत नाही. पानावर रिझोल्यूशन आणि ४:३ दोन्ही स्वच्छ लिहिलेलं. खोक्यातून निघाला १९ इंची ५:४. फोन केला तर उत्तर, "मॅडम, स्क्वेअरच आहे ना?" त्यांच्या तक्रारीच्या फॉर्ममध्ये कारणं तीनच: चालू होत नाही, स्क्रीन फुटली आहे, अ‍ॅक्सेसरी कमी आहे. वेगळंच मॉडेल पाठवलंय हे सांगायला जागाच नाही. जवळचं म्हणून पहिलं कारण निवडलं, तर माणूस आला, पॉवरचं बटण दाबलं, चित्र दिसलं, कागदावर 'वर्किंग' लिहिलं आणि तक्रार बंद करून गेला.

मग मी त्यांना मापच पाठवलं. पीसी ६४०×४८० वर ठेवून पेंटमध्ये २०० पिक्सेलचं वर्तुळ काढलं आणि काचेवर पट्टी धरून फोटो काढला: रुंदी पावणेबारा सेंटीमीटर, उंची साडेबारा. डोळ्यालाही अंड्यासारखं दिसत होतं. त्यावर उत्तर आलं, "सेटिंग इश्यू, कृपया ऑटो अ‍ॅडजस्ट करा." पॅनेलचाच आकार वेगळा असताना ऑटो अ‍ॅडजस्ट काय करणार? वेगवेगळ्या माणसांना तेच पहिल्यापासून सांगायचं, आणि प्रत्येकाने नवा तक्रार क्रमांक द्यायचा. माल चुकीचा येऊ शकतो, ते मी समजू शकते. पण ग्राहक पुरावा देतोय आणि तो समजेल असा एकही माणूस त्या विभागात नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली. सोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि मॉनिटरच्या मागच्या स्टिकरचा फोटो जोडला. मग पैसे परत आले, कुरिअरचे कापून. तुमचं प्रकरण वेगळं असू शकतं, मी काही वकील नाही. पण ऑनलाइन घेणार असाल तर ऑर्डर देण्याआधी त्या पानाचा स्क्रीनशॉट काढा आणि खोकं उघडताना व्हिडिओ करा.

दुकानात जाणार असाल तर टेप घेऊन जा. दिसणाऱ्या काचेची रुंदी भागिले उंची. १.२५ आलं तर ५:४, १.३३ आलं तर ४:३. १९ इंची ५:४ साधारण ३७.६ × ३०.१ सेंटीमीटर भरतो, २० इंची ४:३ साधारण ४०.८ × ३०.६. उंची जवळपास सारखीच असल्यामुळे नुसत्या नजरेला फरक कळत नाही.

बरेच जण सांगतील की ५:४ घ्या आणि मॉनिटरच्या मेनूत 'आस्पेक्ट' (चित्राचं मूळ प्रमाण राखणारी सेटिंग) निवडा, वर-खाली काळ्या पट्ट्या येतील, काम झालं. ६४०×४८० ला हे खरं आहे: दुप्पट करून १२८०×९६०, वर ३२ आणि खाली ३२ ओळी काळ्या, चित्र एकदम कोरं. पण एक तर त्या काळच्या ऑफिसच्या कित्येक मॉनिटरमध्ये ही सेटिंगच नसते, चित्र ताणून पूर्ण काच भरायची एवढंच त्यांना माहीत. दुसरं, डॉसचा गेम सुरू झाला की ग्राफिक्स कार्ड ४०० ओळी पाठवतं आणि मॉनिटर त्याला ७२०×४०० समजतो. मग 'आस्पेक्ट' लावलेले काही मॉनिटर चित्र रुंद आणि बुटकं करून टाकतात. खऱ्या ४:३ पॅनेलवर ही कटकटच नाही. पूर्ण काच भरली की आकार आपोआप बरोबर. म्हणून प्रत्यक्ष जुन्या पीसीला माझं मत ४:३ च, थोडे जास्त पैसे गेले तरी. १६००×१२०० असेल तर आणखी एक फायदा: ३२०×२०० ची आडवी पाचपट आणि उभी सहापट केली की काच पूर्ण भरते. डॉसबॉक्समध्ये, म्हणजे नव्या पीसीवर डॉसचे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, हे फार सुरेख दिसतं.

अर्थात एज ऑफ एम्पायर्स २ सारखा गेम १२८०×१०२४ मध्येही चालतो. तुमचा सगळा वेळ त्यातच जाणार असेल तर ५:४ बिनधास्त घ्या, त्या मापाला तोच योग्य आकार.

आणखी एक गोष्ट दुकानातच तपासा, घरी आल्यावर नाही. डॉसचे बहुतेक गेम ७० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ७० चित्रं या वेगाने चालतात. बरेच एलसीडी ७० घेतात, पण पॅनेलवर ६० च दाखवतात, आणि मधल्या फ्रेम गळतात. पडदा आडवा सरकणारा एखादा गेम लावून पाहा, झटके लगेच जाणवतात. व्हीजीए (जुन्या अ‍ॅनालॉग) केबलवर ६४० ऐवजी ७२० धरल्यामुळे काही उभ्या रेघा धूसर होतात, तेही तेव्हाच दिसेल. या दोन्हीचं खरं उत्तर सीआरटी, म्हणजे काचेच्या नळीचा जुना जाड मॉनिटर. जागा असेल आणि चालू स्थितीतला मिळाला तर नक्की घ्या. पण बिघडला तर मागचं झाकण स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आत जबर व्होल्टेज राहतं. दुरुस्तीला जाणता माणूसच हवा.

कोणी नव्या पीसीवर डॉसबॉक्स किंवा एम्युलेटरच वापरणार असेल, तर मी जुना मॉनिटर शोधायलाच सांगणार नाही. २४ इंची, १९२०×१२०० चा १६:१० मॉनिटर घ्यावा. मधोमध बरोब्बर १६००×१२०० बसतं, आणि ते चित्र २० इंची जुन्या मॉनिटरपेक्षा मोठं दिसतं. आकार ग्राफिक्स कार्ड सांभाळतं, वॉरंटी मिळते, बॅकलाइट नवा. इथे पुष्कळांना हे पटत नाही, पण रोज खेळायचं असेल तर डोळ्यांना तेच बरं. उलट फक्त व्हीजीए असलेला जुना मॉनिटर नव्या पीसीला जोडणार असाल तर साधी डीव्हीआय-व्हीजीए पिन चालणार नाही. एनव्हीडियाच्या जीटीएक्स १० मालिकेपासून कार्डातून अ‍ॅनालॉग सिग्नलच निघत नाही, चिप असलेला कन्व्हर्टर लागतो.

जुना घ्यायचा ठरला तर दुकानात अर्धा तास चालू ठेवा. या मॉनिटरमध्ये पडद्यामागचा उजेड (बॅकलाइट) बारीक ट्यूबचा असतो. पांढऱ्या पडद्यावर कडा पिवळट किंवा गुलाबी दिसल्या तर ट्यूब थकलीय. मिनिटभर दिसून बंद पडला, किंवा सुरू होताना लुकलुकला, तर पॉवर बोर्डवरचे कपॅसिटर बहुधा फुगलेत. ते बदलून मिळतात आणि तसे महाग नसतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत कपॅसिटर सहज मिळतील. थकलेल्या ट्यूबच्या नादी मात्र लागू नका.

तुमच्या दुकानातल्या मॉनिटरच्या मागच्या स्टिकरचा फोटो इथे टाका, मॉडेल नंबर वाचता येईल असा. त्याच्या मॅन्युअलमध्ये मूळ रिझोल्यूशन आणि आस्पेक्टची सेटिंग आहे का ते बघून सांगते. तोपर्यंत दुकानदाराला ॲडव्हान्स देऊ नका.