‘माउंट’चा कोड मॅकवर का चालत नाही?

प्रश्न: माझा सी भाषेतला प्रोग्राम लिनक्सवर ‘माउंट’ हा सिस्टिम कॉल (ऑपरेटिंग सिस्टिमकडे थेट केलेली मागणी) वापरून डिस्क जोडतो. तोच सोर्स मॅकओएसवर कंपाइल होत नाही आणि विंडोजवर तर असा कॉलच सापडत नाही. एकच कोड सगळीकडे चालवता येईल का?

उत्तर: नाही, कारण ‘माउंट’ हा कॉल पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या सामाईक प्रमाणात नाही आणि प्रत्येक कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) तो आपापल्या सोयीने घडवला आहे. लिनक्सवर त्याला डिव्हाइस, डिरेक्टरी, फाइलसिस्टिमचा प्रकार, फ्लॅग (माउंट कसे करायचे हे सांगणारे आकडे) आणि पर्यायांची स्ट्रिंग असे पाच आर्ग्युमेंट लागतात. मॅकओएसवर चारच लागतात आणि डिव्हाइसचे नाव शेवटच्या आर्ग्युमेंटमधून, त्या फाइलसिस्टिमच्या स्ट्रक्चरमध्ये भरून, द्यावे लागते. फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या सिस्टिमवर ‘एनमाउंट’ वापरावा, त्यात नाव आणि मूल्य यांच्या जोड्या पाठवल्या जातात.

आपला कोड कंपाइल झाला नाही, ही मी चांगलीच गोष्ट समजतो. काही जण आर्ग्युमेंट जुळवून घेतात, पण फ्लॅग मात्र नावाने न लिहिता आकड्याने लिहितात, आणि खरा धोका तिथे आहे. केवळ वाचनासाठी माउंट करण्याचा फ्लॅग लिनक्स आणि मॅकओएस या दोन्हीकडे 1 असल्यामुळे पहिली चाचणी बिनबोभाट पार पडते. पुढे 8 हा आकडा लिनक्सवर ‘त्या डिस्कवरचा कोणताही प्रोग्राम चालवू देऊ नका’ असे सांगतो, तर मॅकओएस आणि फ्रीबीएसडीवर तोच आकडा फक्त सेटयूआयडी बिट (प्रोग्राम त्याच्या मालकाच्या अधिकाराने चालवणारी खूण) निष्प्रभ करतो, म्हणजे परक्या पेनड्राइव्हवरचे प्रोग्राम चालू शकतात आणि कंपाइलर अवाक्षर काढत नाही. म्हणून हेडर फाइलमधली नावेच वापरावीत.

विंडोजवर व्हॉल्यूम (डिस्क किंवा तिचा स्वतंत्र भाग) ओळखून माउंट करण्याचे काम सिस्टिम स्वतःच करते. ‘सेटव्हॉल्यूममाउंटपॉइंट’ हे फंक्शन आधीच ओळखलेला व्हॉल्यूम एखाद्या ड्राइव्ह लेटरला किंवा एनटीएफएस या विंडोजच्या फाइलसिस्टिमवरच्या रिकाम्या डिरेक्टरीला जोडते, एवढेच; फाइलसिस्टिमचा प्रकार त्यात कुठेही द्यावा लागत नाही.

तेव्हा जोडणे आणि सोडवणे अशी आपली दोनच फंक्शने ठरवावीत, बाकीच्या प्रोग्रामने तेवढीच वापरावीत आणि प्रत्येक सिस्टिमसाठी त्यांची स्वतंत्र फाइल लिहावी. सोडवण्याच्या कॉलचे स्पेलिंगसुद्धा तपासावे: लिनक्सवर त्यात पहिला ‘एन’ नाही, मॅकओएस आणि फ्रीबीएसडीवर आहे.