पतसंस्थेतल्या संगणकांवर फायरफॉक्सची ईएसआर आवृत्ती ठेवली तर वेग कमी होतो का?

तुमच्याकडे वीसेक संगणक, बरेचसे ४ जीबी रॅमचे, आणि खातेवहीचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्येच चालतं. दर महिन्याच्या अपडेटनंतर काही ना काही बिघडतं म्हणून ईएसआर (एक्स्टेंडेड सपोर्ट रिलीज, म्हणजे संस्थांसाठीची, क्वचितच बदलणारी आवृत्ती) घ्यावीशी वाटते, पण जुनी आवृत्ती संथ चालेल अशी धास्ती आहे. मी गेली बारा वर्षं अशाच संस्थांचे संगणक सांभाळतोय. काउंटरवर ईएसआरच ठेवा.

तुमची धास्ती मात्र खोटी नाही. नेहमीचा फायरफॉक्स दर चार आठवड्यांनी बदलतो. ईएसआर २०१२ साली, १० व्या आवृत्तीपासून सुरू झाली आणि ती साधारण वर्षातून एकदाच मोठी उडी घेते. मधल्या काळात तिला सुरक्षेच्या गंभीर दुरुस्त्या आणि क्रॅशवरचे इलाज मिळतात, वेग वाढवणारं काम मिळत नाही. जावास्क्रिप्ट भरभर चालावी म्हणून केलेलं ‘वॉर्प’ नोव्हेंबर २०२० मध्ये ८३ व्या आवृत्तीत आलं. ७८ ईएसआर वापरणाऱ्यांच्या हाती ते ऑगस्ट २०२१ मध्ये, ९१ बरोबर पडलं. नऊ महिने थांबावं लागलं.

ते आधी का देत नाहीत? सुरक्षेची दुरुस्ती बहुतेक वेळा चार ओळींची असते, जुन्या कोडवर बसवता येते. वेगाचं काम दहा ठिकाणी हात घालतं, आणि ते जुन्या कोडवर चढवलं तर जे तयार होईल ते जगात दुसऱ्या कुणी वापरून पाहिलेलंच नसतं. शिवाय मूळ कोड जसजसा पुढे जातो तसतशी साधी दुरुस्तीही मागे आणणं अवघड होत जातं. म्हणून मुदत वर्षभराचीच.

याचा परिणाम असा, की वर्षभराचा फायदा आणि वर्षभराची मोडतोड एकाच सकाळी दारात येते. २०१८ मध्ये एका संस्थेत ५२ ईएसआरवरून ६० ईएसआरवर गेलो. नेहमीच्या फायरफॉक्समध्ये ५७ पासून आलेलं क्वांटमचं काम, म्हणजे पानाची सजावट प्रोसेसरच्या सगळ्या कोअरवर वाटून करणारं नवं इंजिन, एकदम पदरात पडलं. सभासदांची लांबलचक यादी खाली सरकवताना पूर्वी पांढरे पट्टे दिसायचे, ते गेले. आणि त्याच सकाळी मराठी टायपिंगचं जुन्या पद्धतीचं अ‍ॅड-ऑन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेली सोय, बंद पडलं. पावत्या खोळंबल्या, काउंटरसमोर रांग लागली. चूक माझी होती, मी आधी कुठेच चालवून पाहिलं नव्हतं.

याहून मोठी चूक त्याच संस्थेत झाली. डिजिटल सहीचं एक पोर्टल तेव्हा जावाच्या प्लगइनवर (ब्राउझरमध्ये जावाचे प्रोग्राम चालवणाऱ्या जोडणीवर) चालायचं, आणि ते प्लगइन घेणारी शेवटची फायरफॉक्स म्हणजे ३२ बिटची ५२ ईएसआर. तिच्या दुरुस्त्या सप्टेंबर २०१८ मध्ये थांबल्या, पोर्टल काही बदललं नाही. मी एका संगणकावर अपडेट बंद केले आणि मॉनिटरवर ‘फक्त सहीसाठी’ असा कागद चिकटवला. दीड वर्षाने गेलो तेव्हा कागद टेबलाच्या मागे पडला होता, आणि वसुलीच्या ताई त्याच ब्राउझरमधून संस्थेचं नेटबँकिंग करत होत्या. ‘हा कधी त्रास देत नाही हो,’ म्हणाल्या. खरंच देत नव्हता. तिथला एकही सुरक्षा दोष दीड वर्षात बुजवला गेला नव्हता, एवढंच त्यांना पडद्यावर दिसत नव्हतं. अजूनही आठवलं की पोटात गोळा येतो.

म्हणून अपडेट कधीही बंद करू नका. नवी ईएसआर आली की जुनीला साधारण तीन महिने दुरुस्त्या मिळत राहतात. १४० जून २०२५ मध्ये आली, तर १२८ ला सप्टेंबरपर्यंत मुदत होती. हे तीन महिने चाचणीचे समजा. एका संगणकावर, शक्यतो तुमच्या स्वतःच्या, नेहमीचा फायरफॉक्स ठेवा आणि रोजचं काम त्यावर करा. पुढच्या उडीत जे मोडणार आहे ते तुम्हाला काही महिने आधी, एकेक करून दिसेल आणि सॉफ्टवेअरवाल्याला कळवायला वेळ मिळेल.

आता ४ जीबीचं. पत्त्याच्या पट्टीत अबाउट, कोलन, प्रोसेसेस असं इंग्रजीत टाइप करा. कोणती साइट किती मेमरी खाते ते तिथे दिसतं. आताचा फायरफॉक्स प्रत्येक साइट वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या प्रोग्रामसारखी, ठेवतो, ईएसआरमध्येही १०२ पासून हेच आहे. सुरक्षेसाठी ते हवंच, पण त्याला मेमरी लागते. म्हणजे आवृत्ती कोणतीही घेतली तरी ४ जीबीवर आठ-दहा टॅब उघडले की संगणक धापा टाकणार. ८ जीबी करून घ्या, काउंटरवरच्या बाईंना फरक त्याच दिवशी कळेल.

तुमच्या संगणकांतले काही विंडोज ७ वर असतील तर त्यांवर ११५ ईएसआरच्या पुढची आवृत्ती बसतच नाही. तिची मुदत मोझिलाने वेळोवेळी वाढवली आहे, तरी पैशांचे व्यवहार त्या संगणकांवरून आजच हलवा.