बाबांची नाणी विकून पॉलिसीचा हप्ता भरू का?

ताईंचं पत्र थोडक्यात असं. वडील गेले, कपाटात पत्र्याच्या डब्यात चांदीचे 62 जुने रुपये निघाले. गावातला नाणीवाला सगळ्याचे मिळून 38 हजार देतो म्हणाला. देऊ का थांबू? आणि जाता जाता एक ओळ, "सप्टेंबरमध्ये पॉलिसीचा दुसरा हप्ता 1 लाख 20 हजार आहे, नाण्यांचे निदान पाच लाख येतील असं धरलं होतं."

ताई, नाण्यांचं आधी पटकन उरकतो. तुम्ही लिहिलंय 40 नाणी 1939 च्या आधीची आणि 22 नाणी 1940 ते 45 ची. रुपया म्हणजे तोळाभर, 11.66 ग्रॅम. जुन्यात चांदी जवळपास 92 टक्के, 1940 पासून निम्मीच. म्हणजे पहिल्या ढिगात साधारण 430 ग्रॅम आणि दुसऱ्यात 130, एकूण 560 ग्रॅम शुद्ध चांदी. हिशोबापुरता ग्रॅमला 100 रुपये धरा, झाले 56 हजार. विकायच्या दिवशीचा खरा भाव बघून आकडा बदला, पण नुसत्या चांदीच्या भावातच तो माणूस तुम्हाला तिसरा हिस्सा कापतोय. सालाप्रमाणे नाणी वेगळी करा, दोनतीन ठिकाणी वजन करून दाखवा, "सगळं मिळून एवढे" म्हणणाऱ्याला देऊच नका. टूथपेस्ट लावून घासून चकचकीत केलीत म्हणता, आता संग्राहक जास्तीचे पैसे देईल ही आशा बहुतेक नाण्यांपुरती सोडा, त्यांना तो जुना काळपट थर तसाच हवा असतो.

पाच लाख कुठून आले? व्हिडिओतून. वैष्णोदेवीच्या पाचच्या नाण्याला लाखो रुपये वगैरे. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्येच सांगितलंय की आम्ही जुन्या नाण्यानोटांच्या व्यवहारात नाही आणि त्यासाठी कुणाकडून फी घेत नाही. रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून कुणी रजिस्ट्रेशन फी मागितली तर फोन ठेवा.

आता खरं दुखणं. पगार हातात 45 हजार आणि पॉलिसी महिन्याला 10 हजारांची?? बँकेतल्या मॅडमनी "एफडीपेक्षा भारी, पैसे दुप्पट" म्हणून गळ्यात मारली आणि तुम्ही सही केलीत. 12 वर्षं भरायचे, म्हणजे 14 लाख 40 हजार, आणि विसाव्या वर्षी 28 लाख. दुप्पट ऐकायला झकास वाटतं, पण वर्षाला पाच टक्केही पडत नाहीत, एफडीपेक्षा भारी कसलं! विमा किती, तर 12 लाख. तुमच्यामागे दोन मुलं आहेत, 12 लाखांत त्यांची तीन वर्षंही निघणार नाहीत.

आणि मुख्य म्हणजे यंदा बाबांची नाणी विकाल, पुढच्या सप्टेंबरला काय विकणार?

पहिले 1 लाख 20 हजार गेलेच असं धरून चाला. उरलेले 11 हप्ते तुम्ही पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारी बचत योजनेत टाकलेत, ते 7.1 टक्के देतं, मी 7 च धरतो, तर त्याच विसाव्या वर्षापर्यंत 35 लाखांच्या आसपास होतात, म्हणजे पहिला हप्ता बुडाला तरी सात लाख जास्त. आणि 10 हजार जमत नसतील तर पीपीएफमध्ये 4 हजार टाका, कुणी विचारत नाही. ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमाने एक वर्ष पूर्ण झालं आणि त्याचा हप्ता भरलेला असला की सोडतानाही काहीतरी परत मिळतं, तर वर्ष भरल्यावर किती मिळतील ते कंपनीकडून लेखी मागा, तोंडी नको, आणि मॅडमकडून तर नकोच. त्याआधी एक साधा टर्म प्लॅन, म्हणजे बचत नसलेला नुसता विमा, घ्या. तो हातात आल्याशिवाय जुनी पॉलिसी सोडू नका.

म्हणजे नाणी विकायची घाईच उरत नाही. धाकट्या भावाला या डब्याबद्दल सांगितलंय का? मृत्युपत्र नाही म्हणता, मग त्यात त्याचाही वाटा आहे, आईंचाही.

1911 चा एक रुपया घासायचा राहिलाय म्हणता ना, तो तसाच कागदात गुंडाळून ठेवा. भिंग घेऊन राजाच्या अंगरख्यावरची साखळी बघा, तिच्यातला हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, पुढच्या वर्षीपासून हत्ती सुधारावा लागला.